आजींचा अंगठा लागत नाहीये

नोव्हेंबर उजाडला की आमच्या घरात एक वार्षिक कार्यक्रम असतो. आई जिवंत आहे, हे सरकारला कळवायचं. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. त्यांच्यामागे आईला फॅमिली पेन्शन मिळतं, आणि ते चालू राहायचं तर दर वर्षी हयातीचा दाखला लागतो. आई त्याला ‘माझी हजेरी’ म्हणते.

यंदा म्हसरूळला घराजवळच्याच सेवा केंद्रात गेलो. आईचं वय चौऱ्याऐंशी, गुडघे कामातून गेलेले. रिक्षातून उतरून तीन पायऱ्या चढायला आम्हाला पाच मिनिटं लागली. काउंटरवर पंचविशीचा मुलगा. त्याने आईचा अंगठा मशिनवर ठेवला. लाल दिवा. रुमालाने पुसून पुन्हा ठेवला. लाल. मग डाव्या हाताचा, मग दोन्ही तर्जन्या, मग थोडं व्हॅसलिन लावून. मागे रांग वाढत चाललेली.

“काका, आजींचा अंगठा लागत नाहीये.”

आई म्हणाली, “लागंल कसा? राखेनं भांडी घासून घासून रेघा पुसल्या, बाळा. तुझं मशिन नवीन, माझा अंगठा जुना.”

रांगेतले लोक हसले. मला मात्र हसू आलं नाही. हे वाक्य मी आधी एकदा ऐकलं होतं, साधारण ह्याच शब्दांत, नाशिकपासून हजारो किलोमीटरवर, एका आंब्याच्या झाडाखाली. तिथे राखेच्या जागी कुदळ होती, एवढाच फरक.

तर आज त्या दुसऱ्या म्हातारीबद्दल लिहितो. बरेच दिवस लिहायचं टाळतोय, कारण त्यात माझी एक चूक आहे. तीही सांगतो.

मी साखर कारखान्यात केमिस्ट होतो. आपल्या जिल्ह्यातल्या एका सहकारी कारखान्यात सव्वीस हंगाम काढले. कारखान्याचं नाव नको, जाणकार ओळखतील. शेवटी पगार सहा-सहा महिने थकायला लागला तेव्हा पन्नाशी उलटलेली होती. आपल्याकडच्या साखर धंद्यातल्या लोकांना आफ्रिका नवी नाही. नगर, कोल्हापूर, नाशिककडचे कितीतरी पॅनमन (म्हणजे साखर शिजवणारे), फिटर आणि केमिस्ट केनिया, युगांडा, टांझानियातले कारखाने चालवतात. एका जुन्या सहकाऱ्याने फोन केला, आणि २०१३ साली मी युगांडात जाऊन पोचलो. देशाच्या पूर्वेकडचा बुसोगा भाग. जिंजा शहरापासून तासाभराच्या वाटेवर आमचा कारखाना.

जिंजाला नाईल नदी व्हिक्टोरिया सरोवरातून बाहेर पडते. तिथे गांधीजींचा अर्धपुतळा आहे, १९४८ मध्ये त्यांच्या अस्थींचा काही भाग तिथे विसर्जित केला होता म्हणून. पहिल्या रविवारी मी तिथे जाऊन उभा राहिलो आणि रामकुंडाशेजारचा गांधी तलाव आठवून घरच्या आठवणीने अक्षरशः रडवेला झालो. असो.

उसाचं म्हणाल तर आपल्याकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरला मोळी टाकून गाळप सुरू करायचं आणि मार्च-एप्रिलला पट्टा पडायचा, म्हणजे हंगाम संपायचा. तिथे वर्षातून दोनदा पाऊस, त्यामुळे गाळप जवळजवळ बारा महिने. मी सहा वर्षं राहिलो. पगार डॉलरमध्ये, राहायला कारखान्याचं घर. घराच्या कुंपणापलीकडे एक मातीचं घर होतं, पत्र्याचं छप्पर, पुढे आंबा. तिथे ती राहायची.

तिकडे आजीला ‘जाजा’ म्हणतात. आजोबांनाही जाजाच. गावात कुठल्याही म्हाताऱ्या बाईला जाजा म्हटलेलं चालतं, म्हणून मीही म्हणायला लागलो. त्यावर ती पोट धरून हसली, कारण माझे केस तिच्याइतकेच पांढरे होते. सकाळी भेट झाली की ‘वासुझे ओत्या’ म्हणायचं. म्हणजे ‘रात्र कशी काढली?’ आपण ‘कसे आहात’ विचारतो आणि उत्तराची वाट न बघता पुढे जातो, तसं तिथे चालत नाही. रात्र कशी गेली, मुलं कशी, शेत कसं, सगळं उभ्याउभ्या विचारून व्हावं लागतं. बायका आणि मुली तर मोठ्यांना गुडघे टेकून नमस्कार करतात. रस्त्यात चिखल असला तरी. हे पाहून मी पहिल्या महिन्यात घरी फोनवर सांगितलं होतं की इथे म्हाताऱ्यांची काय चैन आहे, केवढा मान!

मानाने पोट भरत नाही, हे कळायला मला दुसरा महिना लागला.

जाजाला सहा मुलं झाली. तीन गेली. एक लहानपणीच मलेरियाने, आणि दोन मोठे मुलगे ‘त्या आजाराने’. ती एड्सचं नाव घ्यायची नाही. ऐंशीच्या दशकात युगांडात हा आजार पसरला तेव्हा लोक त्याला नुसतं ‘स्लिम’ म्हणायचे, माणूस वाळत जातो म्हणून. त्या दोघांतला धाकटा २००० साली गेला. सरकारी दवाखान्यातून औषधं फुकट मिळायला लागली ती २००४ च्या सुमारास. हा हिशेब जाजाने मला कधीच सांगितला नाही. तिच्या नातवाने सांगितला, एकदा, लॅबमध्ये रसाचं ब्रिक्स, म्हणजे गोडीचं माप, बघता बघता.

तो नातू म्हणजे त्या धाकट्याचा मुलगा. जाजाने तान्हेपणापासून वाढवलेला. त्याशिवाय घरात आणखी दोन पोरं होती, तिच्या मुलीची. मुलगी राजधानीत, कंपालाला, कुणाच्यातरी घरी कामाला. वर्षातून नाताळला यायची, येताना साबण आणि तेल आणायची, आणि एके नाताळला येताना आणखी एक बाळ ठेवून गेली. म्हणजे पाऊणशे वय उलटलेली बाई चार तोंडांची कर्ती.

आपल्याकडे कुणी आफ्रिकेबद्दल बोललं की हमखास म्हणतं, “तिथे अजून कुटुंबं एकत्र आहेत हो, वृद्धाश्रम लागत नाहीत.” मी ह्यावर आता वाद घालत नाही, फक्त जाजाची सकाळ सांगतो. पहाटे साडेपाचला कुदळ घेऊन शेतात. रताळी, कसावा, थोडा मका, शेंगदाणे. नऊला परत येऊन तीन दगडांची चूल. मग पाणी. पिवळा वीस लिटरचा जेरीकॅन डोक्यावर, हापसा अर्ध्या किलोमीटरवर. मुलं शाळेत असायची. तिथे १९९७ पासून प्राथमिक शिक्षण मोफत आहे, पण गणवेश, वह्या, परीक्षेची फी, शाळेतलं जेवण, हे सगळं कुणीतरी भरायचंच. ते कुणीतरी म्हणजे जाजा. म्हाताऱ्या माणसाला घर सांभाळतं, असं आपण धरून चालतो. तिथे म्हातारं माणूस घर सांभाळत होतं, आणि तेही शेजारीपाजारी प्रत्येक चौथ्या-पाचव्या घरात.

हापशावरून आठवलं. तो हापसा बघून मी चकितच झालो होतो, कारण तो आपल्या झेडपीचा हापसा होता, हुबेहूब. युगांडात त्याला ‘यू टू’ म्हणतात, पण मूळ आपलं इंडिया मार्क टू. आणि त्याचंही मूळ सोलापूर पंप, त्याच्या आधी जालना पंप. मराठवाड्याच्या दुष्काळात जन्मलेलं यंत्र बुसोगाच्या लाल मातीत उभं! मी हे मोठ्या अभिमानाने जाजाला सांगितलं. नातवाने भाषांतर केलं. ती म्हणाली, “मग तुमच्याकडच्या म्हाताऱ्या बायकांचे दंड चांगले असतील. ह्याला दाबायला मला दोन पोरं लागतात.”

आता अंगठ्याची गोष्ट.

२०१४ मध्ये सगळ्या देशात राष्ट्रीय ओळखपत्राची नोंदणी सुरू झाली. तिकडे त्या कार्डाला ‘एन्डागामुन्टू’ म्हणतात. मुन्टू म्हणजे माणूस. माणूस असल्याची खूण, असं काहीसं. गावात आंब्याखाली टेबल मांडलं, लॅपटॉप, कॅमेरा, बोटांचं मशिन. रविवार होता, मी बघायला गेलो. जाजाची बोटं मशिनने पाच-सहा वेळा नाकारली. ती म्हणाली, “कुदळ सगळ्या रेघा खाऊन बसली.” शेवटी कशीबशी लागली. मग पोराने विचारलं, जन्मसाल?

जाजाला ठाऊक नव्हतं. तिच्या पिढीत कुणालाच नसतं. आपल्याकडे तरी काय वेगळं आहे! आमची आई अजून वय सिंहस्थावर मोजते. लग्न ६८ च्या सिंहस्थाच्या आधी, मी ८० च्या सिंहस्थात मोठा झालेलो आणि गर्दीत हरवलेलो, असं. वडील मास्तर होते म्हणून तिची कागदपत्रं जागेवर, नाहीतर तिचीही जन्मतारीख आपल्याकडच्या लाखो लोकांसारखी ‘१ जून’ झाली असती.

जाजाजवळही तिचा सिंहस्थ होता. ती म्हणाली, “इंग्लंडची राणी जिंजाला धरणावर आली तेव्हा पहिलं पोर माझ्या पाठीशी बांधलेलं होतं. आम्ही चालत बघायला गेलो होतो.” नाईलवरच्या ओवेन फॉल्स धरणाचं उद्घाटन राणी एलिझाबेथने केलं, एप्रिल १९५४ मध्ये. पाठीवर पोर म्हणजे वय निदान सतरा-अठरा. गणित सोपं होतं. जन्म १९३६-३७ च्या आसपासचा.

टेबलावरच्या पोराला ते धरण, ती राणी, काही माहीत नव्हतं. मागे दोनशे माणसं उभी. त्याने तिच्याकडे एकदा बघितलं आणि टाइप केलं, १९५०. मी तिथे उभा होतो. मला वाटलं, काय फरक पडतो! म्हातारीला नोकरीला थोडंच लागायचंय? मी काही बोललो नाही.

फरक पडला. तेरा-चौदा वर्षांचा.

युगांडात नोकरदारांसाठी भविष्य निधी आहे. पगारातून पाच टक्के कामगाराचे, दहा टक्के मालकाचे, आणि पंचावन्नला रक्कम हातात. कारखान्यातल्या कायम कामगारांना त्याचा आधार. सरकारी नोकरांना पेन्शन. पण कुदळ मारणाऱ्या बाईचा मालक कोण? तिच्यासारख्यांसाठी सरकारने २०११ पासून ज्येष्ठांचं अनुदान सुरू केलं, आधी थोड्या जिल्ह्यांत, ब्रिटन आणि आयर्लंडच्या मदतीने. महिन्याला २५,००० शिलिंग. आकडा ऐकून दचकू नका, तेव्हाच्या भावाने आपले साडेचारशे-पाचशे रुपये. पहिल्या जिल्ह्यांत पासष्टीपुढच्या सगळ्यांना मिळायचं, आणि करामोजा ह्या फार कोरड्या, गरीब भागात साठीपासून. मग २०१५ नंतर नवे जिल्हे घेतले तेव्हा पैसे पुरेनात, म्हणून नियम आला की प्रत्येक सब-काउंटीतल्या सगळ्यात वयस्कर १०० जणांनाच. सब-काउंटी म्हणजे आपल्या पंचायत समितीच्या गणाएवढी समजा.

सगळ्यात वयस्कर १०० जण! ह्या नियमाने गावात जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं. आधी वय लपवण्याजोगं काही नव्हतं, मोजण्याजोगंही नव्हतं. आता पारावर वाद सुरू झाले. अमक्याने माझ्यानंतर दात टाकले, तमकीच्या लग्नात मी ढोल वाजवला होता. आणि वय ठरायचं कार्डावर. जाजाच्या शेजारी एक म्हातारबाबा होते, ते तिला लहानपणापासून ‘थोरली’ म्हणायचे. त्यांच्या कार्डावर १९३५. त्यांचं नाव यादीत आलं. थोरलीच्या कार्डावर १९५०, ती धाकटी ठरून बाहेर.

त्या बाबांचं मात्र मी दोन वर्षं जवळून बघितलं, आणि ते सांगायलाच हवं, कारण ‘पाचशे रुपयांनी काय होतं’ असं मीसुद्धा म्हणायचो. पैसे महिन्याच्या महिन्याला यायचे नाहीत. दोन-दोन, कधी चार-चार महिन्यांचे एकदम यायचे, आणि ते घ्यायला ठरल्या दिवशी ठरल्या जागी जावं लागायचं. बोडा-बोडा म्हणजे मोटारसायकल टॅक्सी, तिचं भाडं त्यातूनच. तरीही. पहिल्या वेळेला त्यांनी मीठ, साबण आणि एक कोंबडी घेतली. दुसऱ्या वेळेला पत्र्याचे दोन तुकडे. वर्षभरात त्यांच्याकडे सात-आठ कोंबड्या, एक शेळी. सगळ्यात मोठा बदल दुकानात झाला. कोपऱ्यावरचा दुकानदार त्यांना उधार द्यायला लागला. पूर्वी त्यांना बघून तो दुसरीकडे तोंड करायचा. आता ‘म्झे (बाबा), बसा’ म्हणून स्टूल पुढे करायचा. सूनबाई त्यांना आधी वाढायला लागली. रक्तदाबाच्या गोळ्या सरकारी केंद्रात संपल्या की बाहेरून विकत आणायची त्यांची ऐपत झाली. तिथे सरकारी दवाखान्यात २००१ पासून पैसे घेत नाहीत, पण गोळ्या असतीलच असं नाही. तापाच्या, मलेरियाच्या असतात. बीपीच्या संपतात.

जाजा हे सगळं कुंपणापलीकडून बघत होती. हेवा तिच्या स्वभावात नव्हता, पण एकदा म्हणाली, “मरायला माझा नंबर पहिला, पैशाला शेवटचा.”

२०१६-१७ च्या सुमारास नातू लॅबमध्ये सॅम्पल बॉय म्हणून कामाला लागला. हुशार पोरगा. त्याने ठरवलं की जाजाचं साल दुरुस्त करायचं. पुरावा काय? जन्मदाखला नाहीच. तो म्हणाला, चर्चमध्ये बाप्तिस्म्याची वही असते. दोन रविवार आम्ही कंपनीच्या पिकअपमधून फिरलो. तिसऱ्या चर्चमध्ये वही सापडली, कडा वाळवीने खाल्लेल्या, पण पान शाबूत. तिचं नाव, बापाचं नाव, आणि साल १९३७. तान्हं मूल म्हणून नोंद. आईशप्पथ, साखरेची रिकव्हरी, म्हणजे उतारा, बारा टक्क्यांवर गेली तरी मला इतका आनंद झाला नव्हता! तिथल्या पाद्रीबाबांनी लेटरहेडवर सही-शिक्क्याने दाखला लिहून दिला.

तो दाखला घेऊन जिल्ह्याच्या कचेरीत गेलो. तिथून वकिलाचं प्रतिज्ञापत्र, तिथून आणखी एक फॉर्म, आणि शेवटी ‘हे कंपालाहूनच होईल’. आपल्याला नवीन नाही हे. मी सातबाऱ्यावरची एक मात्रा दुरुस्त करायला तलाठी ते तहसील दीड वर्ष फिरलेला माणूस. म्हटलं, करू. कागद माझ्या फाइलीत ठेवले, घरात चुलीचा धूर आणि उंदीर म्हणून. पुढच्या सुट्टीत कंपालाला जाऊ म्हटलं. मग गाळप, मग एक टर्बाइन बिघडला, मग इकडे वडिलांचं दुखणं. २०१९ च्या मे महिन्यात चार दिवसांच्या नोटिशीवर मी नाशिकला निघून आलो, ते परत गेलोच नाही. वडील जूनमध्ये गेले.

आणि ती फाइल माझ्या बॅगेत आली.

मला ते कळलंही नाही. नातू बिचारा फोनवर दोनदा म्हणाला की कागद सापडत नाहीयेत, कारखान्याच्या घरात नवीन साहेब आलेत. मी म्हटलं, तिथेच असतील, बघ. नंतर कोविड आला. तिथल्या शाळा जवळजवळ दोन वर्षं बंद होत्या, २०२२ च्या जानेवारीपर्यंत. जाजाच्या घरातली पोरं शाळेऐवजी ऊसतोडीला जायला लागली. त्याच सुमाराला सरकारने अनुदान सगळ्या देशात लागू केलं, ते ऐंशीपुढच्यांसाठी. जाजा खरं तर तेव्हा ८३-८४ ची. कार्डावर सत्तर.

२०२१ च्या डिसेंबरात आईच्या पेन्शनचे कागद शोधताना कपाटाच्या वरच्या कप्प्यात ती निळी फाइल निघाली. वडिलांच्या मृत्यूच्या दाखल्याखाली पाद्रीबाबांचं लेटरहेड. मी पलंगावर बसूनच राहिलो. सौ. चहा घेऊन आली, तिने विचारलं काय झालं, तर मला सांगता येईना. दोन-अडीच वर्षं. महिन्याला २५,००० ह्याप्रमाणे करा हिशेब. मी बऱ्याचदा केलाय.

फोटो लगेच पाठवला. अस्सल कागद तीन महिन्यांनी एका फिटरबरोबर गेला, जो सुट्टी संपवून परत निघाला होता. नातवाने एक शब्द बोलून दाखवला नाही. जाजाने निरोप दिला, “म्हातारपणी विसरायला होतं, त्याला सांग.” मी तिच्यापेक्षा वीस-बावीस वर्षांनी लहान.

हे एवढंच असतं तर मी चूक म्हणून लिहून मोकळा झालो असतो. पण उसाचंही आहेच. आमच्या कारखान्याला ऊस लागायचा, तिकडच्या जातीला तयार व्हायला सोळा-अठरा महिने. बुसोगातल्या लहान शेतकऱ्यांनी रताळ्याची, शेंगदाण्याची जमीन उसाला दिली, कुणी स्वतः लावला, कुणी रोख घेऊन जमीनच खंडाने दिली. जाजाच्या दिरांनी तिच्या नवऱ्याच्या वाटणीतली एक एकर अशीच परस्पर देऊन टाकली. विधवा बाईला विचारतो कोण? एका सकाळी ती कुदळ घेऊन गेली तर रताळ्याच्या वेलांवर ट्रॅक्टर फिरलेला. त्या ट्रॅक्टरच्या उसाची रिकव्हरी मीच काढली असणार. तेव्हा मला ते दोन वेगळे विषय वाटायचे. एक नोकरी, एक शेजारधर्म.

तिला खरोखर तगवलं ते गावातल्या बायकांच्या गटाने. आपल्या बचतगटासारखाच, पण त्यातही पुढे. दर आठवड्याला थोडे पैसे, लाकडी पेटीला तीन कुलुपं, तीन किल्ल्या तीन बायकांकडे. कुणाकडे मयत झाली की गट पीठ, लाकडं, कापड घेऊन हजर. कुणी आजारी पडलं की शेताची पाळी वाटून घ्यायची. तिकडे त्याला ‘मुन्नो मुकाबी’ म्हणतात, अडीअडचणीतला मित्र. पश्चिमेला कानुंगू भागात एड्सने अनाथ झालेल्या नातवंडांना वाढवणाऱ्या आज्यांचे असेच गट एका संस्थेने बांधलेत, न्याका नाव तिचं. जाजाच्या गटामागे कुठली संस्था नव्हती. दहा-बारा म्हाताऱ्या, एक पेटी. संसदेतही २०२१ पासून ज्येष्ठांचे म्हणून पाच खासदार आहेत तिकडे. आपल्याकडे तेवढंही नाही. पण निम्मा देश अठराच्या आतला, साठीपुढचे शंभरात पाच. पाच जणांचा आवाज पंचाण्णवांत किती ऐकू येणार?

परवा हे सगळं मी आमच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर सांगितलं. आमचे आप्पा, जुने पॅनमन, पंचाहत्तरीचे, म्हणाले, “आरं, मग आपलं काय वेगळं? मला इपीएसचे अकराशे साठ येतात.” खरं आहे. तीस वर्षं साखर शिजवलेल्या माणसाला अकराशे साठ. ह्या कर्मचारी पेन्शन योजनेतलं किमान पेन्शन २०१४ पासून हजार रुपयांवर अडकलंय, साडेसात हजार करा म्हणून मोर्चे निघतात, आणि दर मोर्च्याला चार चेहरे कमी झालेले असतात. श्रावणबाळवाल्यांना पंधराशे. पण आप्पांना मी एक विचारलं, “आप्पा, लाल परीचं तिकीट?” पंचाहत्तरीपुढच्यांना एसटी फुकट आहे, आणि आप्पा दर आठवड्याला वणीला जातात, सप्तशृंगीच्या नावाने आणि खरं तर तिथल्या मिसळीसाठी. आप्पा हसले. जाजाला कुठेही जायचं तर बोडावाला दोन्ही वेळचे पैसे मोजून घेतो.

इकडे सेवा केंद्रात अंगठा शेवटपर्यंत लागला नाही. मग त्या मुलाने मोबाईल काढला. म्हणाला, आता चेहऱ्यावरून होतं, आजी, इकडे बघा आणि डोळे मिचकवा. आई म्हणाली, “काय करू?” “डोळे मिचकवा, आजी. उघडझाप.” आईने आधी माझ्याकडे बघितलं, मग त्या पोराकडे, आणि लाजून, पदर तोंडाला लावून डोळे मिचकावले. “पदर काढा आजी!” पुन्हा. हिरवं झालं. आई वर्षभरासाठी जिवंत.

घरी आल्यावर जाजाच्या नातवाला व्हॉइस मेसेज करून हा प्रसंग सांगितला. रात्री त्याचं उत्तर आलं. तिथली जुनी ओळखपत्रं दहा वर्षांची होती, ती संपली, म्हणून २०२५ च्या मे अखेरीपासून सगळ्या देशात नव्याने नोंदणी चालू झाली आहे. ह्या वेळी बोटांबरोबर डोळ्यांचंही चित्र घेतात. त्याने जाजाला बोडावर मध्ये बसवून नेलं, मागून गटातली एक बाई धरायला. पाद्रीबाबांचा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत, छातीशी. टेबलावरच्या मुलीने तो कागद वाचला, वरिष्ठाला दाखवला, त्याने फोटो काढला, दुरुस्तीचा अर्ज भरून घेतला. कार्ड यायचंय. १९३७ होईल की नाही, ते कार्ड आल्यावरच कळेल.

बोटं ह्याही वेळी लागली नाहीत. मग मुलीने डोळ्यांपुढे दुर्बिणीसारखं यंत्र धरलं. जाजाच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, पण चित्र आलं म्हणे. यंत्र बाजूला झाल्यावर जाजाने त्या मुलीला विचारलं,

“काय काय दिसलं गं आत?”